नामदेव मावशीच्या नावानं

माझं गाव कऱ्हाडच्या वरल्या अंगाला, नदीच्या काठावर, पन गावात मी तशी ऱ्हायलेच कवा, काय सांगू तुला. माझा बाप तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा. आई मला तीन वर्साची ठिऊन गेली, मंग बापानं मला उचलली आन् फडातच घिऊन गेला, आठ महिने फिरायचं, एक जत्रा झाली की दुसरी, आन् पावसाचे चार महिने तेवढे गावात. आमच्या लोकांनी धर्म बदलला तवा मी लहान व्हते. चुलता बापाला म्हनला, आता आपन बुद्धाची मानसं झालो, आता ढोलकी सोड, पोरीला फडावर नाचवू नगं, शाळंत घाल. बाप म्हनला, सोडतो, पन मला दुसरं काय येतंय ते तू सांग. चुलत्याचं बरोबरच व्हतं, हे मला आता कळतंय, पन बापाला तरी दुसरं काय येत व्हतं. त्या दिसापासनं चुलत्याची चूल आन् आमची चूल येगळी झाली, बोलनं बंद, आन् पुढं पुढं आमी पावसाळ्यातबी गावाला जायचं सोडलं.

तू ते फोनमदी भरतियास न्हवं, मेधा? भर. तू शेजारच्या घरात भाड्यानं ऱ्हातीस, दिसभर कंप्युटरम्होरं बसतीस, आन् शनवारी माझ्यासाठी हाउन्सलोच्या दुकानातनं कोथिंबीर आनून देतीस, आमच्यातली न्हाईस, पुन्याची हायस, तरी इचारतीस की आज्जी तुमी काय करायचा. हितं विलायतेत चौदा वर्सात कुनी इचारलं न्हाई. संगीताला, माझ्या लेकीला, म्या आधी इचारलं, की ही पोरगी लिहून घेती म्हनती, सांगू का? ती शिफ्टवरनं आली व्हती, बूट काढत म्हनली, सांग ना, आता काय लपवायचं राहिलंय.

तर मी नवव्या वर्सी पायात चाळ बांधलं. गवळनीत शेवटची गवळन. तुला गवळन ठावं न्हाई, सांगते. किस्न आन् पेंद्या रस्ता आडवून बसत्यात, गवळनी दूध घिऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, आन् गवळनींच्या म्होरं त्यांची मावशी. मावशी पेंद्यासंगट भांडती, किस्नाला दरडावती, तोंडाचा पट्टा चालू, आन् लोकं हासून हासून लोळत्यात. ही मावशी कायम गडीच असायचा. लुगडं नेसलेला, हनुवटीवर दाढीचं खुंट, आन् चालायचा असा की जगात आपल्यापरीस देखनी बाई न्हाई. आमच्या फडात मावशी व्हायचा तो नामदेव. लोकं त्याला नामदेव मावशीच म्हनायची, पोस्टरावर त्याचं नाव मालकाच्या नावाखाली, आमा नाचनाऱ्या बायांच्या वर.

नामदेव माझ्यापरीस धा वर्सांनी मोठा. फडावर तोंडाळ, आन् उतरला की गप. चार शब्द बोलला तर लई झालं. मी उंच, हाडापेरानं बापावर गेलेली, किस्नाच्या शेजारी हुबी ऱ्हायले की किस्नच पोर दिसायचा, म्हनून मालक मला मावशीच्या जवळ हुबी करायचा. तशी पंधरा वर्सं मी त्याच्या उजव्या हाताला हुबी ऱ्हायले. त्याचा एक एक सवाल, कुठं थांबायचं, कुठं पदर झटकायचा, कुठं लोकांकडं बघायचं, मला सगळं ठावं. मला चोविसावं लागलं तवा आमी फडाच्या मानसांम्होरं एकमेकांला हार घातले. दुसऱ्या वर्सी संगीता झाली. तो तिला मांडीवर घिऊन मावशीच्या आवाजात बोलायचा, कोन गं ती, कुनाची पोर? आन् ती हासायची. त्याचा खरा आवाज तिला फार ठावंच न्हवता. आबा म्हंजी तो आवाज.

सहा वर्सं बरी गेली. मंग त्याचा घसा बसाय लागला. तंबाखू खायचा, सगळेच खायचे. आधी वाटलं सर्दी, मंग वाटलं लई ओरडून झालं असंल, मंग डॉक्टरनं बोट घालून बघितलं आन् मला बाहेर घिऊन गेला. म्हनला घशात गाठ हाय, वाईट हाय. नामदेवाचा आवाज पंधरा दिसात गेला, म्हंजी पार गेला, नुसती हवा यायची.

आन् जत्रा तोंडावर. गावोगावी पोस्टरं लागलेली, गाडीवर भोंगा बांधून वरडत फिरलेले, नामदेव मावशी, नामदेव मावशी. मालक डोकं धरून बसला. दुसरा गडी हुबा करून बघितला, त्याला दोन सवाल आठवायचे आन् तिसऱ्याला तो घामाघूम. तवा नामदेवानं माझ्याकडं बोट केलं. मालक म्हनला, येडा झालास काय, बाई मावशी झाली तर लोकं हासतील कशाला? हासू त्यात हाय की गडी लुगडं नेसलाय. नामदेवानं माझ्या हनुवटीवर बोट ठिवलं आन् काजळाची डबी मालकाम्होरं आपटली. म्हंजी काय, तर हिला गडी कर, आन् मंग त्या गड्याला बाई कर.

चार दिस त्यानं मला शिकवलं, बोलायला आवाज न्हाई, नुसतं हातानं. मी चालले की मान हालवायचा, न्हाई न्हाई. उठून सोता चालून दाखवायचा. मला उमजंना, मी बाई हाय, बाईसारखी चालते, आनि काय पायजे? दोन दिसांनी उमजलं. बाई चालताना कंबरेचा इचार करत न्हाई, बाई झालेला गडी करतो. मंग आवाज. पोटातनं काढायचा, घोगरा, आन् तो घोगरा आवाज बारीक करायचा परयत्न केल्यावानी बोलायचं. माझा मूळचा बारीक आवाज त्याच्या खाली गाडून टाकायचा. चार दिसांनी माझ्या घशातनं रगात यायची येळ, पन आवाज आला. तो आला तवा नामदेव माझ्याकडं बघंना, दुसरीकडं तोंड करून बसला.

पहिला खेळ हजेरीचा व्हता. जत्रंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धा वाजता गावाला खेळ द्यायचा असतो, भर उन्हात. रातीच्या बत्तीत तोंड लपतं, उन्हात कुठं लपवनार. हनुवटीला राख आन् काजळ चोळून खुंट काढलं, लुगडं मुद्दाम वाकडं नेसलं, डोईला टोप घातला, त्या टोपाखाली माझं खरं केस बांधून दाबलेलं. भोंग्यावरचा म्हनला, आता येतायत तुमचे लाडके नामदेव मावशी. आन् मी गेले. पहिला सवाल टाकला, कोन हासलं न्हाई. दुसरा टाकला, थोडं हासलं. आन् मंग मागच्या रांगेतनं एकजन वरडला, अरं नामा, दाढी तरी करून यायची! सगळी जत्रा फुटली हासून. तवा मी जानलं की जमलं. म्या पदर दाताखाली धरला आन् त्याला म्हनले, तुझ्यासाठीच ठिवली रं राजा, टोचती का बघ. हे नामदेवानं शिकवलेलं न्हवतं, माझंच आलं तोंडातनं, आन् पुढं गावोगावी कुनीतरी दाढीवरनं वरडायचंच, तवा दर येळी मी हेच टाकायची. मागं कनातीआड तो बसला व्हता. आत आले तर त्यानं माझा हात धरला आन् बोटानं जमिनीवर मोजून दाखवलं, एक दोन तीन, म्हंजी त्या सवालाआधी तीनपत्तोर थांब, तू घाई केलीस. दुसरं काय न्हाई.

आठ महिने जगला. संगीताला तवा वसतिगृहात ठिवलं व्हतं, तालुक्याला, आमच्या समाजाच्या लोकांनी चालवलेलं, पोर शिकली पायजे हे दोघांचंबी एक व्हतं. नामदेव सरकारी दवाखान्यात आन् मी फडावर. तो गेला तो दिसाउजेडी. निरोप घिऊन मानूस आला तवा मी रंगून तयार व्हते. मालकानं निरोप ऐकला, मानसाला चहा पाजला, मागं बसवलं, आन् मला खेळाला जाऊ दिलं. मी गेले, बोलले, लोकं हासली, आत आले, टोप काढला, मंग मालक म्हनला, सगुना, नामदेव गेला, सकाळीच. आता तू म्हनशील मालक वाईट. मला त्या दिशी वाटलं व्हतं की त्याच्या अंगावर जावं. पन म्या चाळ सोडलं, तोंड धुतलं, ते काजळ तेलाबिगर निघत न्हाई, तशीच अर्ध्या तोंडानं बसले यष्टीत. पोचले तर त्याच्या भावांनी समदं उरकलं व्हतं. संगीताला तर दोन दिसांनी कळवलं. तिनं बापाचं तोंड बघितलं न्हाई. म्याबी न्हाई.

मालक म्हनला, पोस्टरावरचं नाव आता काढत न्हाई, नाव काढलं तर फड बसला. म्या हूं म्हनले. खरं सांगू का मेधा, मला ते बरंबी वाटलं. भोंग्यावर त्याचं नाव घेतलं की वाटायचं हाय हितंच, आत टोप लावत बसलाय. असं म्हनत म्हनत अठरा वर्सं गेली. फडातली मानसं सोडली तर कुनाला पत्ता न्हाई. लोकं हार घिऊन यायची, नामदेवराव म्हनायची, मी घोगऱ्या आवाजात दोन शब्द बोलून राहुटीत जायची. सगुनाला इचारनारं कोन न्हवतं. पोस्टरावर तर सगुना नावच न्हवतं. लोकांला वाटलं मावशीची बायकू असंल, घरी असंल.

आता एक सांगायचं ते सांगून टाकते, कारन तेच मला आजवर सुटलेलं न्हाई. संगीता नऊ वर्सांची झाली तवा आमचा फड तिच्या तालुक्याच्या जवळ लागला. तिच्या शाळंच्या म्होरल्या भिंतीवर पोस्टर. नामदेव मावशी, मोठ्या अक्षरात. पोरीला वाचता येत व्हतं. ती काय समजली असंल? बाप मेला म्हनून सांगितलं, मढं तिनं बघितलं न्हाई, आन् आता भिंतीवर नाव, उद्या सकाळी हजेरी. पोरींला सांगितलं तिनं, माझा आबा हाय, मेला न्हाई, आईनं खोटं सांगितलं. आन् सकाळी कुनाला न सांगता चालत निघाली, दोन कोस.

मी राहुटीत आरशाम्होरं बसलेली, पाठ दाराकडं. लुगडं, टोप, खुंट, सगळं झालेलं. मागनं आवाज आला, आबा. मेधा, माझ्या अंगात ते सोंग शिरलेलं व्हतं, म्या तोंड फिरवलं आन् माझ्या तोंडातनं आलं, त्याच आवाजात, कोन गं ती, कुनाची पोर? म्या मुद्दाम न्हाई केलं. आलंच ते. आन् पोरीचं तोंड, काय सांगू तुला, असं फुललं. पळत आली आन् माझ्या गळ्यात पडली, आबा आबा करत. मला तवाच सांगाय पायजे व्हतं. पन म्या तिला धरलं, आन् सांगितलं न्हाई, किती येळ कोन जाने. मंग तिनं मान वर केली. माझ्या डोळ्याकडं बघत ऱ्हायली. बोटानं माझी हनुवटी पुसली, काजळ तिच्या बोटाला लागलं. ते तिनं आपल्या फ्रॉकाला पुसलं आन् दोन पावलं मागं सरली. म्हनली, आई. बस, एवढंच. रडली न्हाई. भाईर भोंग्यावर नाव घेतलं आन् मला जावं लागलं. खेळ करून आले तवर वसतिगृहाच्या बाई येऊन तिला घिऊन गेल्या व्हत्या.

त्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली न्हाई. पुढल्याबी न्हाई. बाईंच्या घरी ऱ्हायली. पत्र यायचं, आई मी बरी आहे, अभ्यास चालू आहे. हुशार निघाली, नर्स झाली, मुंबईला लागली, मंग हिकडं विलायतेला आली, लग्नबी हितंच ठरलं, जावई इमानतळावर माल चढवायच्या कामाला, लई चांगला मानूस. सासरच्यांला तिनं सांगितलं, वडील शाळंत मास्तर व्हते, लवकर गेले. म्या कवा खोटं पाडलं न्हाई.

मी पन्नाशीला आले तवा गुडघं गेलं. आन् तमाशाचे दिसबी गेले, लोकं घरात टीव्ही बघत बसाय लागली, कनातीत धा मानसं. फड मोडला. कोनी सत्कार न्हाई, कोनी नाव न्हाई, नामदेव मावशी येत न्हाई तर म्हातारा झाला असंल, एवढंच लोकं म्हनली असतील. सातारला एका बाईच्या घरी स्वैपाकाला ऱ्हायले. मंग इशा झाली, लई उशिरानं झाली संगीताला, आन् संगीताचा फोन आला, आई तू येशील का. तवा आईबापाला आनायचे नियम एवढे कडक न्हवते. आले. हितं माझं काम काय, तर इशाला शाळंत सोडायचं, आनायचं, भाकरी करायची. इशा आता मोठी झाली, तिच्या मोडक्या मराठीत म्हनती, माझा आज्जी खूप बोरिंग आहे, टीव्ही पन बघत नाही. म्या म्हनते, बोरिंग तर बोरिंग.

चौदा वर्सं संगीता माझ्यासंगट चांगली वागली. दवाखाना, औषधं, हीटिंग, सगळं. पन ते एक कवा बोलली न्हाई. मीबी न्हाई.

मंग हे मागच्या एप्रिलातलं. जयंतीचा कार्यक्रम मिल्टन कीन्सला व्हता, तितल्या एका हॉलात. सगळी आपली मानसं, डॉक्टर, इंजिनेर, पोरं भाषनं करत्यात, मंग जेवन. आमच्या टेबलावर एका इंजिनेराचा बाप बसला व्हता, सहा महिन्यासाठी आलेला, सातारकडचा, ब्यांकेतनं रिटायर. बोलता बोलता जत्रंची गोष्ट निघाली. तो म्हनला, आमच्या गावाला हजेरीला नामदेव मावशी म्हनून एक गडी यायचा, तसं काम मी जन्मात बघितलं न्हाई. हा माझा पोरगा झाला त्या सालची गोष्ट, एकजन म्हनला दाढी करून या, तर मावशी म्हनतो कसा, तुझ्यासाठीच ठिवली रं राजा. सगळं टेबल हासलं. त्याचा पोरगा शेजारीच बसलेला. संगीतापरीस धा वर्सांनी लहान. आन् संगीता सहा वर्सांची असताना नामदेव गेला. म्या पुढ्यातला भात कालवत बसले.

संगीतानं चमचा खाली ठिवला. मला वाटलं उठून जाती का काय. ती म्हनली, काका, ते माझे वडील. सगळ्यांम्होरं, तिच्या सगळ्या मैत्रिनींम्होरं. म्हातारा उठला, तिला हात जोडले, त्याच्या डोळ्यात पानी. मंग मला म्हनला, म्हंजी वैनी, तुमी त्यांच्या घरातनं. तुमी कवा बघितलंत का त्यांचं काम? म्या म्हनले, बघितलं की, कनातीमागनं.

येताना जावई गाडी चालवत व्हता, त्या गावात रस्त्यावर सारखे गोल चौक, गाडी वळसा घेती, एक संपला की दुसरा, मला गरगरायला लागलं म्हनून संगीता मागं माझ्यापाशी बसली. हळू म्हनली, आई, तो सांगत होता ती तूच होतीस ना. म्या म्हनले, असंल. ती म्हनली, मग बोलली का नाहीस? म्या म्हनले, तू बापाचं नाव पहिल्यांदा घेतलंस चार मानसात, त्यात मी कशाला मदी येऊ. ती म्हनली, तेव्हा पण तू मध्ये आली नाहीस, राहुटीत. मला मिठी मारू दिलीस. मी म्हनले, चुकलं माझं. ती खिडकीकडं तोंड करून म्हनली, मला ते हवंच होतं गं, म्हणून तर राग आला एवढा.

एवढंच झालं. गळ्यात गळा घालून रडलो बिडलो न्हाई आमी, घरी येऊन तिनं चहा केला आन् दुसऱ्या दिशी शिफ्टला गेली. पन परवा तिची सुट्टी व्हती, माझ्या पायाला तेल लावत बसली व्हती. म्हनली, आई, आबांच्या आवाजात एकदा बोल की. म्या बसले सरळ. पोटातनं श्वास घेतला, जसा त्यानं शिकवला तसा. तोंड उघडलं तर आली नुसती म्हातारीची कुईकुई. परत घेतला. न्हाई आला. ती म्हनली, राहू दे, दमशील. आन् दुसरा पाय घेतला मांडीवर.

दमलेच बघ मी. ऐंशी झाले, आता किती. नाव ऱ्हायलं काय, न ऱ्हायलं काय, लोकं हासली ती माझ्यासमोर हासली, ते मला ठावं हाय, बास झालं. तू लिहिनार असलीस तर सगुना लिही, न्हाईतर नामदेव लिही, मला दोनीबी चालतं. आता ते बंद कर. संगीता येईल, तिला भाकरी गरम लागती. तू पन खाऊन जा, आन् सुखी ऱ्हा बाळ, तुझ्या आईला फोन करत जा.